पाण्याच्या ग्रुपात मागितलेला जोगवा

ये गं, अशी जवळ येऊन बस. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि तो फोन आधी पालथा ठेव. तुझ्या आईनं मला सगळं सांगितलंय. भूमच्या शाळेत नोकरीला लागून वर्ष झालं नाही, आणि बाईसाहेबांनी शिक्षकांच्या ग्रुपात देवाधर्मावरून भांडण उकरून काढलं! जोडीच्या मास्तरणीला लिहिलंस म्हणे, "तुमचं सगळं थोतांड." आता दोघी एकाच बाकावर डबा खाता आणि तोंडं दोन दिशांना. शोभतं का गं? माझी नात ना तू?

पण रागावू तरी कोणत्या तोंडानं? हा उद्योग तुझ्याआधी मी केलाय, आणि तुझ्याहून वाईट केलाय. म्हणून तर तुला पत्र लिहायला वही घेऊन बसले. मी शाळेची पायरी चढलेली नाही, तेव्हा बोलते तसंच लिहिते. तू आपली तांबडी पेन्सिल पिशवीतच राहू दे.

आपल्या गल्लीला नळाचं पाणी कधी आठ दिवसांनी येतं, कधी दहा. मुरुमकडच्या बहुतेक गावांची हीच तऱ्हा. पूर्वी पाणी सुटलं की ज्याला आधी कळंल तो ओरडायचा, आणि शेवटच्या घराला पत्ता लागेपर्यंत नळ गुरगुर करून बंद व्हायचा. म्हणून तुझ्या काकूनं, म्हणजे माझ्या धाकट्या सुनेनं, गल्लीतल्या बायांचा एक ग्रुप काढला. नाव साधं, 'पाणी'. पाणी सोडणारा माणूस तिला फोन करतो, ती ग्रुपात लिहिते 'आलं', की सगळ्या जणी घागरी घेऊन बाहेर. गल्लीत कोण नाही? आपण मराठे, शेजारी लिंगायत, पलीकडं बौद्ध मास्तरीण, आणि बरोब्बर समोर आपा.

आपाला तू ओळखतेस. तुझं बारशाचं झबलं तिनंच शिवलं होतं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी या गल्लीत नांदायला आले तेव्हापासून माझ्या अंगावरचा प्रत्येक झंपर तिच्या मशीनखालून गेलेला. मी तिला आपा म्हणते, ती मला अक्का. दोघींचं आपसात 'तू'च. ती मला 'तुमी' म्हणाली की समजायचं, एक तर मशीनची सुई तुटलीय, नाहीतर माझं काही चुकलंय.

ग्रुप पाण्याचा होता, पण बायांचा होता ना! हळूहळू त्यात सकाळचे नमस्कार आले, फुलं आली, देवांचे फोटो आले. सगळ्यात जास्त पाठवणारी मीच. खोटं कशाला बोलू? म्हातारपणी हातात फोन आला, बोट लावलं की तुळजापूरच्या आईचा मुखवटा समोर, आणि पुन्हा बोट लावलं की तो गल्लीभर. मला वाटायचं, घरबसल्या देवीची सेवा घडतीय.

एके दिवशी मला कुणीतरी पाठवलं, 'देवीचा हा संदेश अकरा जणींना पाठवा, चांगली बातमी कळेल. थांबवाल तर घरात अनर्थ होईल.' मी पुढचा-मागचा विचार केला नाही. 'पाणी' ग्रुपात ढकलून दिलं. एका बोटात अकराच्या वर बाया, काम झालं!

थोड्या वेळानं आपानं लिहिलं, "असले मेसेज इथं टाकू नका. हा पाण्याचा ग्रुप हाय."

मला राग आला बघ. माझ्या देवीचा मेसेज आणि 'असले'? मी लिहिलं, "ज्याचा विश्वास नसंल त्यानं वाचू नये. आमच्या देवीला नावं ठेवायचं काम न्हाय." लगेच खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कोपऱ्यावरच्या घरातली वैनी, जिची जीभ विळीसारखी, तिनं लिहिलं, "बरोबर बोलल्या अक्का!" आणि त्याखाली एक बारीक करडी ओळ आली. आपा ग्रुपातून बाहेर पडली होती.

तुला म्हणून सांगते, मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं होतं. भाकऱ्यासुद्धा टम्म फुगल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. सुनेनं 'आलं' लिहिलं, गल्लीभर घागरींचा आवाज सुरू झाला. माझी टाकी भरली, पिंप भरलं, आणि सहज समोर नजर गेली. आपाचं दार बंद. ओट्यावर एकबी भांडं नाही. तिला सांगणार कोण? ग्रुपात तर ती नव्हती.

मी दोन घागरी भरून तिच्या दारात नेल्या. कडी वाजवली. आपानं दार उघडलं. तिचं तोंड असं झालेलं, जसं काही दोन दिवस घास घशाखाली उतरलेला नाही.

मी म्हणाले, "आपा, पाणी आलंय. तुझी भांडी काढ."

"ठिवा तिथं," ती म्हणाली. "तुमचे उपकार झाले."

'तुमचे' म्हणाली. मी घागरी उंबऱ्याला टेकवल्या.

मग तीच बोलली, "माझी लेक सोलापूरला बाळंत झाली. सातव्या महिन्यात. नात काचेच्या पेटीत हाय. कुणाला सांगितलं न्हाय म्या, सांगायला धीर न्हाय झाला. फोन वाजला की काळजात चर्र हुतंय. आन तुमी मला लिहिता, थांबवलं तर अनर्थ हुईल?"

"मला काय ठावं, आपा..."

"पाठवलं असतं तर माझ्या अल्लापुढं कोणतं तोंड घेऊन उभी ऱ्हायले असते? न्हाय पाठवलं, तर त्या पोरीचा श्वास मोजत बसले. सांगा, काय करायला पायजे हुतं म्या?"

मी म्हणाले, "चुकलं माझं. पाया पडते तुझ्या."

"गल्लीसमोर हाणलं, आन माफी दारामागं मागता व्हय?" ती म्हणाली. "पाणी नळाचं हाय, ते घेते. बाकी नक्को." आणि घागरी आत ओढून तिनं दार लावलं.

सोलापूरहून बातमी काय येईल ते माझ्या हातात नव्हतं. पण आपाला गल्लीत परत आणणं माझ्या हातात होतं, आणि ते कसं करायचं हेच मला कळत नव्हतं. दुसऱ्या कुणी तोडलं असतं तर मी सांधलं असतं. मीच तोडलेलं.

मधल्या दिवसांत मी फोनला हात लावला नाही. शुक्रवार आला. शुक्रवारी मी परडी घेऊन निघते, ते तुला माहीत आहे. परडीत हळद-कुंकू, कवड्या, गळ्यात माळ, आणि पाच घरचा जोगवा. पाच घरी उभं राहायचं, जे पसाभर पीठ मिळंल ते देवीच्या नावानं घ्यायचं, आणि घरी येऊन त्याच पिठाची भाकरी करायची. माझ्या सासूनं ही परडी माझ्या हातात दिली तेव्हा बजावलं होतं, "उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाय. आवाज एकदाच द्यायचा. घालतील ते घ्यायचं. न्हाय घातलं तरी 'सुखी ऱ्हावा' म्हणून पुढं जायचं. आई मागती, धमकावत न्हाय."

माझं पाचवं घर कायम आपाचं. गल्लीत आले तेव्हा पहिल्यांदा मी तिचं दार टाळून पुढं चालले होते. तीच आतून ओरडली, "ए नवी! माझं घर घर न्हाय काय?" आणि ओंजळभर ज्वारीचं पीठ परडीत घालून म्हणाली, "मी तुझ्या देवीला न्हाय देत. तुझ्या परडीला देते. माझा अल्ला बघतोय, त्याला कळतंय." तेव्हापासून तिचा शुक्रवार चुकला नाही.

त्या शुक्रवारी चार घरं झाली आणि मी आपाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. एकदाच आवाज दिला, "आई राजा उदो उदो!" आत मशीन चालू होतं. ते थांबलं. मी वाट पाहिली. मशीन परत चालू झालं.

मी "सुखी राहा" म्हणाले आणि वळले. वळताना मला कळलं गं! आपल्या दोन पायांनी मी इतकी वर्षं कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेले नाही, दोनदा हाक मारली नाही. आणि फोन हातात आल्यावर? चपला घालून सगळ्यांच्या चुलीपर्यंत गेले होते, वर देवीच्या नावानं धाक घालून आले होते. सासू असती तर परडी काढून घेतली असती माझ्या हातातून.

घरी आले आणि सुनेला म्हणाले, "मला ग्रुपात बोलायचंय. लिहिणार न्हाय, बोलणार."

पहिल्यांदा काय झालं विचारू नको. बटण दाबलं आणि माझंच चालू, "अगं, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, बंद कर की! हे दाबून धरायचं का सोडायचं?" आणि तेच गेलं गल्लीभर. कोपऱ्यावरच्या वैनीचं उत्तर तयार, "अक्का, डाळ शिजली असंल, आता उतरवा." सून हसून हसून भिंतीला टेकली. मी म्हणाले, हसा. लाज एकदा गेली की बोलणं सोपं होतं.

मग नीट बोलले. काय बोलले ते जसं आठवतं तसं लिहिते.

"बायांनो, मी अक्का. त्या दिवशी अकरा जणींना पाठवा म्हणून मी जे टाकलं, त्यात धाक हुता. माझ्या देवीनं मला कधी धाक घातला न्हाय, मग तिच्या नावानं मी दुसऱ्याला का घालावा? आपानं सांगितलं ते बरोबर हुतं. मी तिला लागंल असं बोलले. चूक गल्लीसमोर केली, गल्लीसमोर कबूल करते.

"आता माझी देवी माझ्यासाठी काय हाय ते सांगते. तुमच्यासाठी काय असावी ते न्हाय, तेवढं माझं काम न्हाय. मी लग्नाची नवी, अक्षरशत्रू. तुळजापूरला दर्शनाला एकटी गेले. मालकांनी मुरुमच्या गाडीची खूण म्हणून पाटीवरचं शेवटचं अक्षर तेवढं दाखवून ठिवलेलं. ते बघून मी गाडीत बसले, आन उतरले कुठं? भूमला! तिथल्या पाटीवरबी तेच अक्षर शेवटी. सबंध जिल्हा आडवा पडला मधी. स्टँडवर रडत बसले. एक बाई आली, मला भाकरी दिली, परतीच्या गाडीत बसवून दिलं. तुळजापूरला गाडी बदलताना मी देवळाच्या दिशेला हात जोडले आन म्हणाले, आई, सोनं नको, नाणं नको, मला अक्षर दे. मग एकेक पाटी, एकेक दुकान, करत करत मी वाचायला शिकले. माझी सून म्हणती एसटीनं शिकवलं. म्हणू दे. मी म्हणते आईनं शिकवलं. माझं हे एवढंच हाय.

"आज माझी परडी चार घरची हाय. म्हणून ग्रुपात जोगवा मागते. ज्याला वाटंल त्यानं आपापलं पसाभर सांगा. तुम्हाला कशाचा आधार हाय? देव असंल तर देव, नसंल तर नसंल. दुसऱ्याला शिकवायचं न्हाय, भ्या घालायचं न्हाय, फकस्त माझं म्हणून सांगायचं. न्हाय सांगितलं तरी सुखी ऱ्हावा."

आपाच्या नातीचं मी एक अक्षर काढलं नाही. ते तिचं होतं. सांगायचं तर ती सांगेल.

फोन ठेवला आणि बसले. सून दर थोड्या वेळानं बघून यायची. "आत्या, सगळ्यांनी ऐकलंय. निळ्या खुणा आल्या. पण कुणी बोलंना."

"न बोलू दे. हाक एकदाच."

दुपारी वैनी उगवली. "आता देवीबी फोनवर जोगवा मागती व्हय? कलियुग, कलियुग!" तोंडावर पदर धरला आणि गप बसले, माझ्यासाठी हेच मोठं तप!

दुसऱ्या दिवशी शेजारची लिंगायत काकू बोलली. एरवी तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. म्हणाली, "मी सकाळी तळहातावर लिंग घेऊन बसते. दिवसभरात तेवढाच वेळ माझ्या हातात दुसऱ्या कुणाचं काम नसतं." एवढंच बोलली. मग मास्तरीण. "मी देव मानत नाही, अक्का. संध्याकाळी बुद्धांपुढं मेणबत्ती लावते आणि आज कुणावर विनाकारण ओरडले ते आठवते. वर्गातली पोरं जास्त असतात त्यात." कुणी कुणाला खोडलं नाही. कुणी म्हटलं नाही, आमचं वरचं, तुमचं खालचं.

मग कुणाचा नंबर लागला सांग? वैनीचा! बोलली तीही खणखणीत. "मला कशाचा आधारबिधार न्हाय. मारुतीच्या देवळात जाते, कारण तिथं फरशी गार हाय, आन तिथं मला कुणी 'चहा टाक' म्हणत न्हाय. घ्या, घातलं पीठ परडीत!" गल्ली हसली, पण थट्टेनं नाही. एवढ्या जिभेच्या बाईला बसायला गार फरशी लागते, हे आम्हाला कुठं माहीत होतं?

आणि चौथी माझी सून. एका घरात राहतो, एका चुलीवर खातो, पण तिचं हे मी फोनमधून ऐकलं. "मला पूजेला वेळ मिळत न्हाय. पण मी 'आलं' लिहिते, आन गल्लीभर घागरींचा आवाज उठतो, तेव्हा मला देवळातल्यासारखं वाटतंय." मी चुलीपुढून उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

चार झाली. पाचवं घर ग्रुपातच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी चार घरचं पीठ घेतलं, परडीत कवड्यांशेजारी फोन ठेवला आणि आपाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आवाज एकदाच दिला. मग फोनचं बटण दाबलं. माझी कबुली लागली, मग काकू, मास्तरीण, वैनी, सून. भर उन्हात, गल्लीच्या मधोमध. ओट्याओट्यावर बाया येऊन उभ्या राहिल्या. आत मशीन बंद.

सगळं वाजून संपलं. दार उघडलं नाही. मी "सुखी राहा" म्हणाले आणि वळले. आपल्या पायरीपर्यंत पोचले असेन नसेन, तोच मागून आवाज आला.

"ए अक्का! परडी इकडं आण! पीठ काय हवेत उधळू?"

मला परत 'तू' म्हणाली गं! मी म्हातारी, गुडघे धरलेले, पण कशी पळाले ते माझं मलाच माहीत. आपा उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. तिनं ओंजळ भरून पीठ घातलं. तिच्या हाताला शिलाईचा दोरा चिकटलेला, तोही परडीत पडला. म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्यांचं का न्हाय ऐकवलंस? मास्तरीण सांगत हुती." मग डोळे पुसून म्हणाली, "तुझ्या सुनेला सांग, माझा नंबर तोच हाय."

त्याच दुपारी आपा ग्रुपात आली आणि बोलली. "मी पाच वेळा नमाज पढते. पण ह्या दिवसांत मला दुआचे शब्दच सुचत नव्हते, नुसती हात पसरून बसायचे. माझी नात सोलापूरला काचेच्या पेटीत हाय. काल तिनं पहिल्यांदा बोट धरलं म्हणून लेकीचा फोन आला. मी नुसते हात पसरले, तरी अल्लानं ऐकलं, असं मला वाटतंय. हे माझं झालं."

त्यानंतर ग्रुपात एकही हात जोडलेलं चित्र आलं नाही. बाया चालत आल्या. वैनी सगळ्यात पुढं, हातात दूध. त्या संध्याकाळी मी पाच घरच्या पिठाची भाकरी केली आणि आपाच्या ओट्यावर बसून आम्ही दोघींनी खाल्ली. वर्षांनुवर्षं करते, पण तशी भाकरी पुन्हा झाली नाही.

पोरगी बरी होऊन आपाच्या लेकीसंगं घरी आली. आता रांगत आमच्याकडं येते आणि परडीतल्या कवड्या तोंडात घालते. तिला कुणी वाचवलं म्हणशील तर आपा म्हणते अल्लानं, मी म्हणते आईनं, मास्तरीण म्हणते डॉक्टरनं. तिघींचंही ऐकून घेतो, चहा पितो, उठतो. आणि ग्रुपात आजही शुक्रवारी ज्याला वाटेल तो पसाभर सांगतो. परवा कुणाच्या नव्या सुनेनं 'एकवीस जणींना पाठवा' टाकलं, तर सहा बाया एकदम बोलल्या, "बाई, तुझं काय ते सांग!" त्यात सगळ्यात मोठा आवाज कोपऱ्यावरच्या वैनीचा. खालच्या गल्लीनंही आमचं बघून तसंच सुरू केलंय. म्हातारीला मिरवू दे की जरा!

तेव्हा बाळ, तुझ्या मास्तरणीला जे लिहिलंस ते ग्रुपात लिहिलंस ना? मग 'चुकले' तेही ग्रुपातच लिही. मग तुझं तुला काय वाटतं ते सांग, आणि तिच्या उंबऱ्याबाहेर थांब. भूमला मला ज्या बाईनं भाकरी दिली, तिनं माझा देव विचारला नव्हता. तिचा कोणता होता, ते मलाही माहीत नाही. तुझी मास्तरीण तिचीच कुणी असेल, काय सांगावं?

आणि नुसतं फोनवर लिहून हे पुरं होणार नाही. तू ये. तिलाही आण. शुक्रवारच्या आत या, म्हणजे पाच घरची भाकरी खायला मिळेल. भूमहून गाडी धरा, तुळजापूरला बदला, आणि पाटी सबंध वाचून बसा. आपानं तुझ्यासाठी झंपराचं कापड काढून ठेवलंय, माप घ्यायचं राहिलंय. लवकर ये गं, वाट बघते.